विश्लेषण : व्यसनी माणसाला घरातून उचलून केंद्रात भरती करता येतं का? कायदा काय सांगतो आणि दुसरे मार्ग कोणते?

मोबाइलवर 'व्यसनमुक्ती केंद्र' असं लिहून पुढे आपल्या शहराचं नाव टाका. वरच्या जाहिरातींमध्ये फोन नंबरच्या शेजारी घरून पिकअपची सोय असल्याचं लिहिलेलं दिसेल. पेशंट तयार नसला तरी हरकत नाही, असं सुचवणाऱ्या जाहिरातीही असतात. ही सोय म्हणजे काय? रात्री उशिरा गाडी येते. तीन-चार धट्टीकट्टी माणसं उतरतात. झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाला धरून गाडीत बसवतात. घरच्यांनी फॉर्मवर सही केलेली असते, पैसे भरलेले असतात. ज्याला नेलं त्याची सही मात्र कुठेच नसते.

घरच्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण फोन करणारी आई किंवा बायको त्याआधी बहुतेक सगळं करून बसलेली असते. देवाची शपथ, माळ, गंडा, गावाकडे पाठवणं, पगार काढून घेणं, अबोला. गाडीवाल्या केंद्राचा नंबर हा तिच्या यादीतला शेवटचा नंबर असतो. 'त्याला विचारून तो कधी तयार होणार आहे का?' हा तिचा प्रश्न खरा आहे.

त्या प्रश्नाला भारतातल्या कायद्याने २०१७ मध्ये उत्तर दिलं आहे. ते फार कमी घरांपर्यंत पोहोचलं आहे आणि अनेक केंद्रांनी ते वाचलेलंच नाही, असं वाटण्यासारखी परिस्थिती आहे.

व्यसन कायद्यात कुठे बसतं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या 'मानसिक आजार' या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. याचा सरळ अर्थ असा की, अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार किंवा पुनर्वसन करणारी जागा या कायद्याखाली येते. चालवणारा डॉक्टर असो, ट्रस्ट असो की स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला कुणी असो, नोंदणी लागते. नोंदणीशिवाय केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. पुन्हा पुन्हा तेच केलं तर तो ५ लाखांपर्यंत जातो.

भरतीचे मुख्य दोन मार्ग आहेत. पहिला स्वतःहून भरती होण्याचा. यात सज्ञान माणूस स्वतः अर्ज करतो आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या संमतीची गरज नसते. तो 'मला घरी जायचंय' म्हणाला की केंद्राने त्याला सोडायचं असतं. डॉक्टरांना गंभीर धोका वाटला, तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. त्या २४ तासांत त्याला दुसऱ्या मार्गाने भरती करायचं की सोडायचं, हे ठरवावं लागतं. 'कोर्स तीन महिन्यांचा आहे, मध्ये सोडता येत नाही' हे केंद्राचं वाक्य पैशांच्या बाबतीत खरं असेल, कायद्याच्या बाबतीत नाही.

मग मनाविरुद्ध भरती कधीच करता येत नाही?

येते. पण अटी कडक आहेत आणि त्या बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. कायद्याचं कलम ८९ याबद्दल आहे. कायदा या भरतीला सक्तीची भरती म्हणत नाही, आधाराने केलेली भरती म्हणतो.

अर्ज रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी करतो. रुग्णाने आधी कुणाचं नाव दिलं नसेल, तर सहसा जवळचा नातेवाईक ही जागा घेतो. त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच असला पाहिजे. दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. आजार गंभीर आहे आणि त्यामुळे पुढच्या तीनपैकी एक तरी गोष्ट घडली आहे, असं दोघांनाही वाटलं पाहिजे. त्याने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला. किंवा दुसऱ्यावर हिंसा केली, अथवा त्याच्यामुळे दुसऱ्याला इजा होण्याची भीती निर्माण झाली. किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला इतकं जमेनासं झालं की त्याला स्वतःला इजा होण्याचा धोका आहे. याशिवाय, भरतीपेक्षा कमी बंधनांचा दुसरा उपाय नाही, हेही दाखवावं लागतं.

एवढं झाल्यावर मिळणारी मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. भरतीची माहिती सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावी लागते. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. या भरतीविरुद्ध रुग्ण मंडळाकडे दाद मागू शकतो. तीस दिवसांनंतरही ठेवायचं असेल तर दोन मनोविकारतज्ज्ञांनी तपासावं लागतं आणि मंडळाची मंजुरी लागते.

आता गाडीवाल्या माणसांकडे पुन्हा पाहा. त्यांच्यात मनोविकारतज्ज्ञ कोण होता? दुसरी तपासणी कुणी केली? मंडळाला कुणी कळवलं? बहुतेक वेळा उत्तर 'कुणीच नाही' असं असतं. मग ती भरती राहत नाही, बेकायदा डांबणं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ नुसार कुणाला दहा किंवा अधिक दिवस बेकायदा डांबून ठेवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरच्यांची सही ही त्यातून सुटका नाही. सज्ञान मुलाच्या शरीरावर आईवडिलांची मालकी नसते आणि नवऱ्याच्या शरीरावर बायकोची.

'पण तो शुद्धीवर कुठे असतो?'

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे. व्यसनी माणसाचा 'नाही' हा त्याचा असतो की दारूचा?

कायदा दोन गोष्टी वेगळ्या करतो. निर्णय घेण्याची क्षमता तपासताना त्या माणसाला दिलेली माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा दुसऱ्या मार्गाने सांगू शकतो का, हे पाहायचं असतं. रात्री अकरा वाजता तर्र असलेल्या माणसाची ही क्षमता नसेल. सकाळी नऊ वाजता चहा घेताना त्याच माणसाची असू शकते. क्षमता त्या वेळेची आणि त्या निर्णयाची असते. एकदा 'दारुडा' ठरला म्हणून ती कायमची जात नाही. म्हणूनच आधाराने भरती झालेल्या रुग्णाची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायला कायदा सांगतो.

दुसरी गोष्ट कलम ४ मध्येच लिहून ठेवली आहे. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. हे कायद्यात मुद्दाम लिहावं लागलं यातच सगळं आलं. मधुमेह असूनही गुलाबजाम खाणाऱ्या काकांना आपण उचलून नेत नाही.

तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही. तलफ आली की सकाळची समजही धुऊन निघते, हे व्यसनातून गेलेला कुणीही सांगेल. यासाठी कायद्यात एक चांगली तरतूद आहे, ती फार वापरली जात नाही. ती म्हणजे आगाऊ निर्देश. माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो की, माझी निर्णयक्षमता गेली तर मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका आणि माझ्या वतीने कुणी बोलावं. दारू सोडून सहा महिने झालेला माणूस आज लिहू शकतो की, 'मी पुन्हा घसरलो आणि तीन दिवस जेवलो नाही, तर मला अमुक डॉक्टरांकडे न्या, त्या केंद्रात मात्र नेऊ नका.' पुढच्या भरतीच्या वेळी डॉक्टरांना ते विचारात घ्यावं लागतं.

दाराच्या आत काय चालत नाही?

साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात चालत नाही. एकांतात कोंडणं चालत नाही. डोकं भादरायची सक्ती करता येत नाही. स्वतःचे कपडे घालायची मुभा द्यावी लागते. जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. संडास घासणं, स्वयंपाकघरात राबणं ही 'थेरपी' म्हणून खपवली जाते, तिचीही इथेच गणना होते. फोन आणि पत्रव्यवहार हा रुग्णाचा हक्क आहे. 'पहिले पंधरा दिवस घरच्यांशी बोलायचं नाही' असा नियम एखादं केंद्र सांगत असेल, तर तो कोणत्या कलमाखाली आहे हे तिथेच विचारावं. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरा धोका कुलपात नाही, शरीरात आहे

कायद्याइतकाच महत्त्वाचा हा भाग आहे आणि घरच्यांना तो जवळजवळ कुणीच सांगत नाही.

अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका रात्रीत बंद केली, तर काही तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात. ते माणसं ओळखत नाहीत, ताप येतो, रक्तदाब वर जातो. वैद्यकीय भाषेत याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. उपचार अवघड नाहीत, ठरावीक गोळ्या, थायामिनची इंजेक्शनं आणि देखरेख लागते. पण ती डॉक्टरची देखरेख असावी लागते. 'पेशंट नाटक करतोय' असं म्हणणाऱ्या वॉर्डबॉयची नाही. ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नाही, तिथे दारू 'तोडणं' हा जुगार आहे.

ब्राऊन शुगर किंवा हेरॉइनच्या बाबतीत धोका उलट्या बाजूने येतो. ती बंद केल्यावर होणारा त्रास भयंकर असतो, पण सहसा त्याने माणूस मरत नाही. तो मरतो सुटल्यानंतर. तीन महिने कोंडून ठेवल्याने शरीराची सवय गेलेली असते. बाहेर आल्यावर तो जुन्या अंदाजाने तेवढाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा बंद केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे या रुग्णांसाठी सगळ्यात धोक्याचे असतात, हे जगभर दिसून आलं आहे. पुढच्या उपचारांची सोय न करता 'स्वच्छ' करून सोडलेला माणूस भरतीच्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

आमटीत मिसळायची गोळी

जबरदस्तीचा आणखी एक घरगुती प्रकार आहे. 'न सांगता दारू सोडवा' अशा पाट्या एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यातली पुडी कसली असते, हे विकणाराच जाणे. पण ओळखीच्या मेडिकलमधून आणलेली डायसल्फिरामची गोळी भाजीत किंवा आमटीत मिसळणारी घरंही आहेत. हे औषध खरं आहे आणि डॉक्टर ते देतात. पण ते रुग्णाला सगळं सांगून द्यायचं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत ही रिअॅक्शन येऊ शकते. ज्याला हे ठाऊकच नाही तो पिणारच आणि मग घरच्यांनी जीव वाचवायला घातलेली गोळीच त्याच्या जिवावर उठते.

सक्तीने व्यसन सुटतं का?

२०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने सक्तीच्या उपचारांवरचे जगभरातले अभ्यास एकत्र तपासले. निकषांवर उतरणारे अभ्यास फक्त नऊ सापडले. त्यातल्या तिघांत सक्तीचा काहीच खास परिणाम दिसला नाही, दोघांत चित्र अस्पष्ट होतं, दोघांत गुन्ह्यांकडे पुन्हा वळण्याच्या बाबतीत परिणाम वाईट होता आणि दोघांत चांगला. यावरून 'सक्तीचा कधीच उपयोग होत नाही' असं छातीठोक सांगता येत नाही. पण लाखो लोकांना कोंडायचं तर पुरावा यापेक्षा बराच भक्कम हवा. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी एकत्र निवेदन काढून सक्तीची कोंडवाडा-केंद्रं बंद करायला सांगितलं होतं.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. जबरदस्ती वेगळी आणि दबाव वेगळा. 'उपचार घे, नाहीतर मी मुलांना घेऊन माहेरी जाते' हा दबाव आहे. त्यात त्या माणसाला दोन रस्ते आहेत, दोन्ही कटू असले तरी. उपचार घेणारे अनेक जण अशाच कुठल्या तरी दबावाखाली आलेले असतात. शुद्ध स्वेच्छेने, एका सुंदर सकाळी, कुणीच येत नाही.

आपला एनडीपीएस कायदा, म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, तसा कठोर आहे. पण त्यानेही हा फरक पाळला आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला कोर्ट कलम ३९ नुसार शिक्षेऐवजी सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारासाठी सोडू शकतं. त्या कलमात 'त्याच्या संमतीने' असे शब्द आहेत. कलम ६४ अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणजे कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसालाही विचारलं जातं आणि घरात झोपलेल्या निर्दोष माणसाला विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

अमेरिकेत 'एए'ची सक्ती कोर्टात कशी अडकली?

सक्ती फक्त कुलपाची नसते, पद्धतीचीही असते. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना किंवा पॅरोलवर सुटलेल्यांना 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या, म्हणजे 'एए'च्या, किंवा त्याच धर्तीच्या मीटिंगना जायची अट घातली जायची. १९३५ मध्ये ओहायोतल्या अॅक्रन शहरात सुरू झालेल्या या चळवळीच्या बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास आणि प्रार्थना आहे. नास्तिकाने काय करायचं? बौद्धाने काय करायचं?

१९९६ पासून तिथल्या वरिष्ठ न्यायालयांनी एकामागोमाग एक निकाल दिले. धार्मिक आशय असलेला एकच कार्यक्रम सरकार सक्तीचा करू शकत नाही, दुसरा पर्याय दिला पाहिजे, हे त्यांचं सार होतं. २००७ मध्ये हवाईतल्या एका बौद्ध व्यक्तीच्या खटल्यात, हा नियम आता पॅरोल अधिकाऱ्यांना माहीतच असायला हवा, असं कोर्टाने म्हटलं. कॅलिफोर्नियात एका नास्तिक माणसाने बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला आक्षेप घेतला म्हणून त्याला शंभर दिवस पुन्हा तुरुंगात टाकलं गेलं. २०१४ मध्ये त्याला तडजोडीत १९ लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यावी लागली.

गंमत अशी की 'एए'ला स्वतःला ही सक्ती मानवत नाही. त्यांच्या परंपरेत सदस्य होण्याची एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. आणि ज्याला ती पद्धत पटते त्याला तिचा उपयोग होतो, हे २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. सुमारे साडेदहा हजार लोकांचा समावेश असलेल्या २७ अभ्यासांचा तो आढावा होता. पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत 'एए'शी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले. महाराष्ट्रात अनेक गावांत 'एए'च्या मराठी मीटिंग होतात. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. देवाचं नाव नको असेल, तर अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेला 'स्मार्ट रिकव्हरी'सारखा, विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा मार्गही आहे. त्याच्या ऑनलाइन मीटिंग होतात, पण त्यासाठी इंग्रजी यावं लागतं ही अडचण आहेच.

भरतीशिवाय काय काय आहे?

एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात ५.७ कोटींहून जास्त लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. हे आकडे पाहिले की पटतं, भिंती असलेलं केंद्र हाच उपचार असं आपण धरून बसलो, तर बहुसंख्य लोक कायम बाहेरच राहणार.

बहुतेकांची सुरुवात ओपीडीतून होऊ शकते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून बसता येतं. दारूची तलफ कमी करणारी नालट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत. मोजकेच पिणारे, घरी आधार असलेले आणि पूर्वी आकडी न आलेले अनेक जण डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी राहूनही दारू सोडू शकतात. काही जण एकदम सोडायला तयार नसतात, पण कमी करायला तयार असतात. त्यांना 'आधी पूर्ण बंद कर, मग ये' म्हणून परत पाठवण्यापेक्षा तिथून सुरुवात केलेली बरी, असं आता बरेच डॉक्टर मानतात.

हेरॉइन, ब्राऊन शुगरसाठी ओएसटी आहे. यात जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी किंवा मेथाडोन रोज केंद्रावर दिलं जातं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांसाठी ही सोय मोफत आहे. 'एका नशेऐवजी दुसरी' असा आक्षेप यावर नेहमी येतो. पण त्या गोळीवर माणूस कामावर जातो, सुई टोचत नाही आणि जिवंत राहतो. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून अशा ओपीडी क्लिनिकचं जाळं उभं केलं, तिथे रुग्ण औषध घेऊन घरी जातो.

भरतीची खरोखर गरज असलेलेही लोक आहेत. ज्यांना आकडी येऊन गेली, ज्यांना घर नाही किंवा ज्यांच्या घरात सगळेच पितात, अशांना निवासी उपचारांचा फायदा होतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. निवासी उपचार सन्मानाने करता येतात, हे मराठी वाचकांना तेव्हापासून ठाऊक आहे. त्यामुळे 'केंद्र' हा शब्दच वाईट, असा सूर या लेखाचा नाही.

घरच्यांनी काय करायचं?

'तो तयार नाही' आणि 'उचलून न्या' यांच्यामध्ये बरीच जागा आहे. न्यू मेक्सिकोत झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारू पिणारा उपचाराला नकार देतोय, अशा घरांतल्या १३० नातेवाइकांचे त्यात तीन गट केले होते. एका गटाला 'अल-अॅनॉन'च्या, म्हणजे नातेवाइकांच्या स्वमदत गटाच्या वाटेने मार्गदर्शन दिलं. त्यांच्या घरातले १३ टक्के उपचाराला आले. दुसऱ्या गटाला सगळ्यांनी मिळून त्या माणसाला अचानक घेरून समोरासमोर सुनवायची पद्धत शिकवली. तिथे ३० टक्के आले. बहुतेक घरांना तो प्रसंग घडवून आणणं जमलंच नाही, जे समजण्यासारखं आहे. तिसऱ्या गटाला 'क्राफ्ट' नावाची पद्धत शिकवली. तिथे ६४ टक्के आले.

क्राफ्टमध्ये चमत्कार काही नाही. तो न पिता घरी आला की त्याच्यासोबत बसा, जेवा, बोला. प्यायलेला असला की भांडू नका आणि लाडही करू नका, सरळ बाजूला व्हा. त्याच्या साहेबाला फोन करून 'ताप आलाय' सांगू नका, सुट्टीचा जाब त्यालाच देऊ द्या. उधारी फेडू नका. उपचाराचा विषय तो प्यायलेला असताना कधीच काढू नका. स्वतःच काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटत असेल, त्या सकाळी काढा आणि अपॉइंटमेंट कुठे मिळेल ते आधीच शोधून ठेवा. आणि स्वतःची झोप, पैसा आणि सुरक्षितता आधी सांभाळा.

मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर फिरवण्याआधी कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. २००५ च्या या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, गरज पडली तर मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. तो पितो म्हणून मारतो की तसाही मारतो, हे सिद्ध करत बसायची बाईला गरज नाही. आणि जीव जाण्याची वेळ आली असेल, म्हणजे आकडी, भास, आत्महत्येचा प्रयत्न, तर तातडीच्या उपचारांना ७२ तासांपर्यंत परवानगी आहे. त्यासाठी १०८ ची गाडी बोलवायची, पिकअपची नव्हे.

फोन करण्याआधी आणि आत अडकल्यावर

केंद्राला पैसे पाठवण्याआधी फोनवर विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालचा नोंदणी क्रमांक काय? मनोविकारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री डॉक्टर असतो का? पहिल्याच आठवड्यात भेटता येईल का, फोन देता का? घरी सोडल्यावर पुढची औषधं कोण देणार? आधी येऊन जागा बघू का, असंही विचारा. या प्रश्नांवर समोरचा चिडला, तर तेही उत्तरच समजा.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन नंबर मोफत आहेत. कुणाला बेकायदा ठेवलं असल्याचा संशय असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. पोलिसांत तक्रार करता येते. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे त्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका करता येते. ती नातेवाईकच नव्हे, मित्रही करू शकतो. आत असलेल्याने सुटकेची मागणी शक्यतो कागदावर लिहावी, तारीख आणि वेळ टाकावी. तो स्वतःहून भरती झालेला असेल, तर केंद्राच्या हातात त्या वेळेपासून २४ तास असतात.